घड्याळवाल्याच्या घरातला पंखा

आमच्या घरात पंखा लावायचा की नाही, हे उकाड्यावर ठरत नसे. ते माझ्या सासऱ्यांच्या टेबलावर ठरायचं. टेबलावर घड्याळ उघडं असलं की पंखा बंद, खिडकी अर्धी लोटलेली, आणि टेबलाजवळून जाणाऱ्याने पदर, ओढणी, टॉवेल, जे काही फडफडेल ते आवरून जायचं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी तिथे शिंकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी माझ्या उशाशी सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलेलं होतं.

सासऱ्यांना सगळी गल्ली भिंगवाले म्हणते. भिंग लावून लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती गोल वळ पडला आहे, तो आंघोळ केली तरी जात नाही. पूर्वी बाजारात एका कापड दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल असायचं. दुकान पाडून मोठं बांधलं तेव्हा जिना गेला, आणि जिन्याखालचा माणूस घरी आला. तेव्हापासून ते टेबल आमच्या बाहेरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली आहे, कारण तिथे दिवसभर सारखा उजेड असतो आणि ऊन कधीच येत नाही. थोडक्यात, घरातली सगळ्यात थंड जागा घड्याळांना मिळाली आणि माणसं आत गेली. मला ते खटकलं होतं, पण तेव्हा मी नवी होते. पुढे जुनी झाले आणि खटकायचं राहून गेलं.

पंख्याचं हे प्रकरण उगाच नव्हतं, हेही सांगायला हवं. बायकांच्या मनगटी घड्याळातला स्क्रू साखरेच्या दाण्याहून लहान असतो, आणि आतली गोल कमान केसासारखी बारीक. ती चिमट्यात धरलेली असताना सासरे श्वाससुद्धा जपून घेतात. वारा आला तर ती कुठे जाईल ते तिलाच माहीत. म्हणून खुर्चीत बसता बसता त्यांचा डावा हात भिंतीकडे जायचा आणि पंख्याचं बटण बंद व्हायचं. इतक्या वर्षांत त्या हाताला विचारायची गरज उरली नव्हती. वीज गेलेली असली तरी ते बटण बंद करूनच बसायचे. आणि बटणाचा आवाज झाला की सासूबाई जिथे असतील तिथे पदराने मान पुसून आपल्या कामाला लागायच्या. याबद्दल त्या दोघांत एक शब्द बोललेला मी कधी ऐकला नाही.

सासऱ्यांचे डोळे अजून शाबूत आहेत, पण कान गेले. बोललेलं ऐकू येतं, घड्याळाची टिकटिक येत नाही. त्यामुळे दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ ते सासूबाईंच्या कानाशी नेऊन धरतात. त्या डोळे मिटून ऐकतात आणि 'चाललं' किंवा 'लंगडतंय' एवढंच सांगतात. लंगडतंय म्हणाल्या की गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी घड्याळ पुन्हा उघडलं जातं. संसारात सासूबाईंचं इतकं ठामपणे ऐकलं गेलेलं दुसरं काही माझ्या तरी पाहण्यात नाही.

कारण सासूबाई स्वतःसाठी काही मागतच नाहीत. नातेवाईक याला गुण म्हणतात. त्यांना वर्षाकाठी दोन दिवस यायचं असतं, त्यांना म्हणायला काय जातं? चपला चावत होत्या तरी त्या फाटेपर्यंत वापरल्या आणि नंतर मला म्हणाल्या, बऱ्या होत्या, जरा लहान होत्या. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर विचारायचे, दुखतंय का, तर यांचं उत्तर ठरलेलं, ठीक आहे. पलंगाची दांडी मात्र अशी घट्ट धरलेली असायची की बोटं पांढरी पडायची. शेवटी डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघून औषध द्यायला लागले. ऑपरेशननंतर त्या वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायच्या, तेही कुणी सोबत असेल तर. बाकी वेळ पलंगावर.

अशात यंदाची ती उन्हाची लाट आली. उन्हाळा दरवर्षी असतो, त्याला आम्ही नावं ठेवतो आणि तो निघून जातो. हा जाईना. सकाळी नळाला गरम पाणी, दुपारी फरशी गरम, संध्याकाळी भिंतीला पाठ लावायची सोय नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घेते, म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं हाच माझा धंदा. त्या आठवड्यांत शिव्यांनाही जोर राहिला नव्हता. लोक नुसते, पाणी कधी येईल हो, एवढंच विचारायचे. माझा नवरा शीतगृहात कामाला आहे. तो त्या आगीत रोज सकाळी पिशवीत स्वेटर घेऊन निघायचा, आणि घरी येऊन सर्दीने नाक शिंकरत बसायचा. आमची सगळ्यांची अंगं उकाड्याने लाही लाही होत असताना याला वाफारा हवा असायचा. काय बोलणार?

एसीचा विचार झाला नाही असं नाही. वायरमन आला, त्याने मीटरजवळची जुनी वायरिंग पाहिली, आणि म्हणाला की एसी लावा खुशाल, पण पहिल्याच दिवशी तुमच्यासकट खालचे दोन्ही मजले अंधारात जातील, मग त्यांच्या शिव्या कोण खाणार ते ठरवून ठेवा. मी आधीच दिवसभर खात होते. मग नवऱ्याने कुलर आणला. कुलरने हवा गार झाली आणि ओलसरही झाली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी एका घड्याळाच्या काचेला आतून धरलेलं दव मला दाखवलं. घड्याळाला पाणी म्हणजे गंज. सासूबाईच म्हणाल्या, मला त्याचा आवाज सोसत नाही, देऊन टाका. आवाजाचं त्यांना काही नव्हतं, मला पक्कं ठाऊक आहे. कुलर परत गेला. घड्याळांना सर्दी होऊ नये म्हणून माणसांनी भाजून घ्यायचं, असं मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बोलले. ते सासऱ्यांना ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना गेलं त्या हसल्या.

शेवटी मी एक गोष्ट हट्टाने केली. आतल्या खोलीला पश्चिमेची भिंत, दुपारनंतर तिथे उभं राहवत नसे. म्हणून सासूबाईंचा पलंग मी बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या टेबलासमोर आणून टाकला. सासऱ्यांशी तहही केला. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, खिडक्या उघड्या असतात तेवढ्या वेळात, त्यांनी काम करायचं. त्यानंतर टेबलावर कापड, खिडक्या बंद, खिडकीला चादर, सासूबाईंच्या अंगावर ओला पंचा, आणि पंखा चालू. दर थोड्या वेळाने पंचा पुन्हा पिळून घालायचा आणि पेलाभर पाणी द्यायचं, तहान असो नसो. हे सगळं मी घरात नसताना सासऱ्यांनी करायचं. त्यांनी ते शिकाऊ उमेदवारासारखं नीट शिकून घेतलं. पंचा असा पिळायचे की एक थेंब फरशीवर पडायचा नाही. मला वाटलं, चला, जमलं. आणि खरंच बरेच दिवस जमलं.

मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई एक घड्याळ घेऊन आल्या. सासऱ्यांकडे आता काय येतं? सेल बदला, पट्टा बदला. चावीचं घड्याळ कुणी आणत नाही, असलं तरी कपाटात पडून असतं. या बाईंनी त्यांच्या आईचं घड्याळ आणलं होतं, चावीचं, अंगठ्याच्या नखाएवढं, कधीच बंद पडलेलं. त्या म्हणाल्याही, घाई नाही काका, उन्हाळा सरला की करा. सासरे हो म्हणाले. संध्याकाळी मी घरी आले तर त्यांनी ते मला तीनदा दाखवलं. मागचं झाकण उघडून, भिंग माझ्या डोळ्याला लावून, बघ, बघ, असली आता येत नाहीत. मला एक चाक दिसलं आणि बाकी माझ्याच पापण्या दिसल्या. पण त्यांचा चेहरा बघून मी सुंदर आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कचेरीत मला त्यांचा फोन आला. मी तक्रारींच्या फोनवर होते आणि त्यांनी त्याच फोनवर लावला होता, कारण तो नंबर त्यांना पाठ होता. "वीज गेलीय," ते म्हणाले. "हिचं काहीतरी बिनसलंय. एक सेलचं घड्याळ कानाला लावलं तर म्हणते, दार वाजतंय, बघा कोण आहे. अंग चटका बसेल इतकं तापलंय. घाम नाही. तू ये."

पाणी पाजू नका, नीट शुद्धीत नाहीत, ठसका लागेल, ओल्या चादरीत गुंडाळा, बर्फ असेल तर काखेत ठेवा, एवढं ओरडून सांगितलं आणि निघाले. आमच्या साहेबांनी स्वतःची गाडी काढली. बिचारे एरवी माझ्यावर खेकसतात, त्या दिवशी लाल सिग्नलसुद्धा तोडला.

घरात शिरले तेव्हा सासरे पलंगाजवळ उभे राहून पुठ्ठ्याने वारा घालत होते. सासूबाई ओल्या चादरीत, डोळे अर्धे उघडे, माझ्याकडे बघून त्यांच्या बहिणीला हाक मारत होत्या. ती जाऊन खूप वर्षं झाली. टेबलावर कापड नव्हतं. ते इवलंसं घड्याळ उघडं होतं, त्याचे भाग काचेच्या वाडग्याखाली मांडलेले. आणि स्वयंपाकघरातून फ्रिजचा घरघर आवाज येत होता.

वीज गेलेली नव्हती. मी भिंतीकडे गेले आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला.

सासऱ्यांनी वर पंख्याकडे बघितलं, मग बटणाकडे, मग आपल्या डाव्या हाताकडे. पुठ्ठा तसाच धरून उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी काहीतरी भयंकर बोलणार होते. पण तो चेहरा बघितला आणि पलंगाकडे वळले. साहेबांनी आणि मी मिळून सासूबाईंना उचललं.

दवाखान्यात त्यांना बर्फाच्या पिशव्या, सलाईन, गार फडकी, सगळं झालं. डॉक्टर तरुण मुलगी होती, भराभर काम करत होती आणि मध्येच आम्हाला सांगत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. या वयात उष्णता आणि तहान शरीराला उशिरा कळते, त्यातून यांच्या पाय सुजायच्या गोळ्या अंगातलं पाणी काढतात. आमचा जीव टांगणीला लागलेला. नवरा कामावरून तसाच आला, त्या गर्दीत स्वेटर घातलेला, आणि लोक त्याच्याकडे बघत होते. सासरे बाकावर बसून होते. मी त्यांना चहा दिला तर त्यांनी कप उजव्या हातात घेतला आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. मला वाटलं थंडी वाजतेय की काय. मग समजलं.

संध्याकाळी सासूबाईंना ओळख पटायला लागली. पहिलं काय विचारलं असेल? यांनी जेवण केलं का. जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर मला राग आला. इतक्या वेळचा साठलेला सगळा राग मी त्यांच्यावर काढला. पलंगावर पडलेल्या म्हाताऱ्या बाईवर ओरडायचं नसतं, पण मी ओरडले.

"आई, पंखा बंद होता. कळत नव्हतं का तुम्हाला?"

"कळलं की," त्या म्हणाल्या. "बटणाचा आवाज ऐकला ना."

"मग बोलायचं तोंडाने! दोन हातांच्या अंतरावर तर बसले होते बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारते आहे. "त्यांचा चिमटा हातात होता," त्या म्हणाल्या. "मध्येच कसं बोलायचं?"

सासरे तिथेच उभे होते. त्यांना हे ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. पण ते बाहेर जाऊन बराच वेळ आले नाहीत.

सासूबाई घरी आल्या तरी लाट होतीच. नवऱ्याने पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली. पलंगाच्या दांडीला सायकलची घंटी बसवली, गरम झालं, तहान लागली की वाजवा म्हणून. ती घंटी एकदाच वाजली. मी धावत गेले तर सासूबाई तिच्यावरची धूळ पुसत होत्या. सासरे पलंगाजवळ स्टूल टाकून बसायचे. पंचा, पाणी, पंचा, पाणी. दर थोड्या वेळाने विचारायचे, गरम होतंय का? त्या म्हणायच्या, नाही. घाबरल्यासारखं होतंय? नाही. पाणी हवंय? नको. मग ते उठून त्यांच्या कपाळाला हात लावून बघायचे, कारण त्या नाहीवर आता घरात कुणाचा काडीचा विश्वास राहिला नव्हता.

टेबलाकडे ते गेले नाहीत. कुणी सेल बदलायला आलं तर दारातूनच परत पाठवायचे. बोलणंही कमी झालं. पूर्वी काही नाही तरी एखाद्या घड्याळाबद्दल, ते कुणी, कसं, किती वाईट हाताळलं याबद्दल चिडून तरी बोलायचे. आता स्टुलावर बसून भिंतीकडे बघायचे. त्या खोलीत माझ्या लग्नापासून कधी नव्हता इतका वारा होता आणि मला तिथे बसवत नसे. एक दिवस ते कापडाखाली हात घालून हत्यारं चाचपताना दिसले. मला वाटलं, बसणार. पण त्यांनी चिमटे, स्क्रूड्रायव्हर, सगळं एकेक पुसून डब्यात भरलं. औषधवाल्या बाईंचं घड्याळ तेवढं वाडग्याखाली राहिलं, कारण ते उघडलेलं होतं आणि भाग हलवायची त्यांची हिंमत झाली नाही.

सासूबाई हे सगळं पलंगावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डबा का भरला?"

"आता काम नाही करायचं," सासरे म्हणाले.

"का? पहाटे बसा की. पहाटे मला काही होत नाही."

"तुला काही होतं तेही तू सांगत नाहीस." सासरे हे चढ्या आवाजात बोलले, आणि मी त्यांचा चढा आवाज पहिल्यांदा ऐकला. "तू सांगणार नाहीस, आणि माझा हात मला विचारणार नाही. मग मी बसू कसा?"

सासूबाईंनी त्या डब्याकडे बघितलं. त्यांनी आयुष्यभर तोंडातून ब्र काढला नव्हता तो त्या टेबलासाठी, आणि आता त्याच गप्प बसण्याने टेबल बंद पडलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं असावं, असं मला वाटतं. त्या दिवशी त्यांनी जेवणही नीट केलं नाही, आणि मी विचारलं तर नेहमीसारखं ठीक आहे असंही म्हणाल्या नाहीत.

मग मला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. "बसा टेबलाशी," म्हणाल्या. "त्या बाईंचं घड्याळ पुरं करा. मला गरम झालं तर मी सांगेन."

सासरे तसेच उभे.

"सांगेन म्हटलं ना."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता, पण मी घरात होते, डोळ्यांत तेल घालून बसणार होते. मी बटणावरची चिकटपट्टी काढली. सासऱ्यांनी स्वतः, बघून, बटण बंद केलं. डबा उघडला, भिंग लावलं, वाडगं उचलून बाजूला ठेवलं. मी सासूबाईंच्या अंगावर ओला पंचा घातला, पाणी दिलं आणि शेंगा सोलायला त्यांच्या पायाशी बसले.

सकाळ बरी होती. खिडकीतून थोडा वारा येत होता तो सासऱ्यांनी अर्धी खिडकी लोटून थांबवला. ते हळूहळू नेहमीसारखे वाकले, मान पुढे गेली, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि मला एकदम बरं वाटलं. एक एक भाग जागेवर जात होता. मध्ये ते काहीतरी स्वतःशी पुटपुटले, तेही चिडून. म्हणजे माणूस परत आला होता. ऊन चढायला लागलं. पंचा सुकला, मी पुन्हा भिजवून आणला. शेंगा संपल्या. समोरच्या गच्चीवरचा प्रकाश पांढरा झाला आणि खोलीतली हवा जड झाली.

सासऱ्यांनी आता कमान चिमट्यात धरली होती. हे सगळ्यात अवघड काम, ते मलाही माहीत होतं. बाजूला दोन-तीन स्क्रू मोकळे पडलेले, भिंगाशिवाय दिसत नव्हते. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. गाल लाल व्हायला लागले होते. हाताने पलंगाची दांडी धरली होती, घट्ट. माझ्या जिभेवर शब्द आले होते. उठून बटण दाबणं हे माझ्या दोन पावलांवर होतं, आणि मी गेले नाही, कारण मी बोलले तर त्या पुन्हा कधीच बोलल्या नसत्या. पण मी किती वेळ थांबणार होते? आणखी जरा, आणखी जरा, असं स्वतःला बजावत होते, आणि ते चूक आहे असंही वाटत होतं.

सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. सासऱ्यांच्या पाठीकडे बघितलं. त्यांच्या चिमट्याकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

आवाज फुटला नव्हता. सासऱ्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"अहो, पंखा लावा," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "मला गरम होतंय."

सासऱ्यांनी मान वर केली. मला वाटलं, ते आता कमान नीट ठेवतील, वाडगं झाकतील, मग उठतील. त्यांनी चिमटा होता तसा टेबलावर टाकला आणि डावा हात लांब करून बटण दाबलं. पंखा फिरला. टेबलावरचा कागद उडाला, त्याच्याबरोबर स्क्रू, त्याच्याबरोबर ती कमानही. सासऱ्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पलंगाशी गेले, पंचा उचलून पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला, सासूबाईंच्या अंगावर घातला. फरशीभर पाणी सांडलं. मग पेला भरून त्यांच्या तोंडाशी धरला आणि त्या सगळा प्यायल्या.

नंतर आम्ही दोघं, मी आणि सासरे, गुडघ्यांवर बसून बॅटरी घेऊन फरशी धुंडाळत होतो. एक स्क्रू पलंगाच्या पायाशी सापडला. एक माझ्या शेंगांच्या टरफलांत. कमान मिळत नव्हती. सासरे फरशीला गाल टेकून बघत होते आणि मला बजावत होते, हलू नकोस, पाऊल उचलू नकोस. वरून वारा नुसता भणाणत होता, आणि जे मिळत होतं ते पुन्हा सरकत होतं.

"बाबा, जरा वेळ पंखा बंद करू का?" मी विचारलं. "सापडेल तरी."

सासऱ्यांनी उत्तर द्यायच्या आत पलंगावरून आवाज आला.

"बंद कशाला करताय? अजून थोडा वाढवा."

सासरे उठले आणि त्यांनी पंखा पुरा सोडला.